शंभर घरांचं दुपटं

मानत्सांगने झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं, की आपली बायको आईची सेवा करायला गावी गेली आहे. लोकांनी वाहवा केली. अशी सून हल्ली शोधून सापडत नाही, असंही दोघातिघांनी बोलून दाखवलं. त्याच्या बायकोने, रुनलिएनने, ते नुसतं ऐकून घेतलं. ती सेवेबिवेसाठी आली नव्हती. तिला सासूच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं, आणि म्हातारीचं डोकं पुरतं कामातून जाण्याआधी ऐकायचं होतं.

वाक्य फार मोठं नव्हतं. ‘ते माझ्यामुळे झालं.’ बस. माफी नको, रडारड नको. दक्षिणेतल्या बुटांच्या कारखान्यात तळव्यांना गोंद लावता लावता रुनलिएनचे केस पांढरे झाले होते. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने मनातल्या मनात म्हातारीच्या तोंडी इतक्यांदा घातलं होतं, की म्हातारी ते कशी म्हणेल, कुठे अडखळेल, हेसुद्धा ठरून गेलं होतं. फक्त म्हातारीने ते कधी म्हटलं नाही. नव्या वर्षाच्या सणाला सून घरी आली की ती तिच्या वाडग्यात शेवया वाढायची, वर अंडं ठेवायची आणि यंदा बर्फ कमी पडलं, बटाटे बरे आलेत, असलं काहीबाही बोलत राहायची.

दौजियावान गाव म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगराच्या पोटात कोरलेली घरं. त्यांतल्या बहुतेक घरांना आता कुलपं लागली होती. तरुण शहरांकडे गेले, म्हातारे मातीत गेले. जे थोडे उरले त्यांत मानत्सांगची आई. तिचं माहेरचं नाव फंगअर, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी जिवंत राहिलं नव्हतं. शेजारच्या च्युश्यांग वहिनीने फोन केला होता, "तुमची आई चुलीत जाळ घालते आणि विसरते. एक दिवस घरासकट भाजून निघेल. या बाबांनो कुणीतरी." मानत्सांग इमारतींच्या कामावर होता, त्याला रजा मिळेना. बायको नाहीच म्हणेल असं धरूनच त्याने विषय काढला. "मी जाते," ती म्हणाली, तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही.

आल्या आल्या तिने विचारून पाहिलं. म्हातारी त्या दिवशी ताळ्यावर होती, म्हणजे सुनेला सून म्हणून ओळखत होती. आतून शेकलेल्या मातीच्या ओट्यावर ती बसली होती आणि रुनलिएन खाली बसून तिचे पाय धूत होती.

"आई, शुएयानच्या पाठीवरचं आपलं बाळ कशानं गेलं हो?"

म्हातारीने पाण्यात पायाची बोटं हलवली. "नशीब."

"नशीब कसलं? त्या लोकांना कळलं कसं?"

"माणसं वाईट. टेकडीपलीकडची. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही मेल्यांना."

"पण टेकडीपलीकडे कुणी सांगितलं?"

"पाणी गार झालं बघ," म्हातारी म्हणाली. "तुला साधे पाय धुवायला येत नाहीत. कारखान्यात काय शिकवतात कोण जाणे."

रुनलिएनने घमेलं उचललं आणि अंगणात पाणी असं भिरकावलं की कोंबड्या ओरडत पळाल्या.

त्यानंतर काही दिवसांनी ती च्युश्यांग वहिनीकडून राळे घेऊन आली, तर घरातली लाकडी पेटी उघडी होती. म्हातारी ओट्यावर मांडी घालून बसली होती आणि तिच्यासमोर एक लाल फडकं उलगडलेलं होतं. त्यात ते दुपटं होतं. त्रिकोणी तुकड्यांना तुकडे जोडून झालेला एक मोठा चौकोन, आणि एका बाजूला दात पडलेल्या हिरडीसारखी मोकळी कड. जोडायचे राहिलेले तुकडे वेगळे बांधून ठेवलेले. सुई जिथे थांबली होती तिथेच टोचलेली होती, तिच्या गंजाचा डाग कापडात उतरला होता. रुनलिएन समजत होती की हे केव्हाच चुलीत गेलं असेल.

म्हातारीने मान वर केली. "ये वहिनी, बस. पण हळू बोल हं." तिने हनुवटीने धान्याच्या कोठाराकडे खूण केली. "सून आत झोपलीय. दिवस भरत आलेत तिचे."

रुनलिएन दारातच खाली बसली. राळ्याची पिशवी तिच्या हातातून सुटून कलंडली.

कोठाराच्या मागे, पोत्यांच्या थप्पीआड, आणखी एक बिळाएवढी खोली कोरलेली होती. त्या वर्षीचा अर्धा उन्हाळा आणि अख्खा पानगळीचा काळ रुनलिएनने तिथे काढला होता. थोरली लेक शुएयान तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. दुसऱ्या मुलासाठी सरकारची परवानगी लागायची, ती मिळायला अजून अवकाश होता आणि पोटातलं थांबायला तयार नव्हतं. गावात सगळे दौ आडनावाचे, एकाच आजोबाची पिलावळ. त्यांना माहीत होतं, पण कुणी ब्र काढला नाही. विनापरवाना पोटुशा बायका शोधत तालुक्याची सरकारी माणसं आली की म्हातारी, तेव्हा ती म्हातारी नव्हती, चांगली दणकट बाई होती, कमरेवर हात ठेवून सांगायची, "सून गेली माहेरी, भांडून. तुम्हीच समजूत घालून आणा की." ती माणसं हसून परत जायची.

पण तिला एका गोष्टीची धास्ती होती. तिची स्वतःची चार मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. ती दुष्काळाची वर्षं. कुणाच्या अंगावर धड कपडा नव्हता, चिंध्या देणार कोण? एकट्या मानत्सांगच्या वेळी तिला शंभर घरांतून तुकडे मिळाले, त्यांचं दुपटं झालं आणि मानत्सांग जगला. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. शंभर घरांच्या दुपट्यात गुंडाळलेलं मूल एका घराचं राहत नाही. त्याला ओढून न्यायला जे काही येतं, त्याला शंभर उंबरे ओलांडावे लागतात. तुकडा मागूनच आणायचा, विकतचा चालत नाही. आणि परक्या घरचाच हवा. आईच्या कपड्याचा तुकडा त्यात घालत नाहीत, कारण आईने अख्खं मूलच दिलेलं असतं.

गावातली घरं लवकरच संपली. शिवाय सगळी एकाच आडनावाची, म्हणजे शंभर दारं असली तरी घर एकच. परक्या आडनावांसाठी टेकडी ओलांडणं आलं. रुनलिएनला हे कळलं तेव्हा तिने सासूचे दोन्ही हात धरले. "आई, नका जाऊ. बाई तुकडे मागायला निघाली की कुत्र्यामांजरांनाही कळतं घरात मूल येणार आहे ते. बाळ झाल्यावर जा. महिन्याने जा, वर्षाने जा." सासू म्हणाली, "बरं, नाही जात."

ती गेली. सून झोपली की जायची. ज्या दिवशी तालुक्याच्या माणसांचा ट्रॅक्टर आला त्या दिवशीही ती टेकडीपलीकडेच होती. माणसं सरळ कोठारात शिरली आणि विचारपूस न करता पोती बाजूला करू लागली. रुनलिएनने चौकट धरून ठेवली, ती बोटं एकेक करून सोडवली गेली. दवाखान्यात सुई दिली. आठवा महिना सरत आला होता. सगळं झाल्यावर तिथली बाई कुणी न विचारताच म्हणाली, "मुलगा होता." घरी परतली तर सासूने राळ्याची पेज करून ठेवलेली होती, गूळ घालून. दुपटं कुठे दिसलं नाही. त्याबद्दल कुणी बोललं नाही. हिवाळा संपताच शुएयानला आजीपाशी ठेवून नवराबायको दक्षिणेला निघून गेली. शुएयान आजीच्याच हाताखाली वाढली, आजीसाठी जीव टाकते. तिला यातलं काही माहीत नाही.

आणि आता ही बाई त्याच ओट्यावर, तीच सुई काढून, जणू मघाशीच उठून पाणी प्यायला गेली होती अशी, शिवायला बसली होती. रुनलिएनचं माथं भडकलं. तिने दुपटं हिसकावलं आणि चुलीपाशी नेलं. म्हातारीने झटापट केली नाही. ती एवढंच म्हणाली, "जपून हं वहिनी. लोकांच्या घरचं आहे."

चुलीचं तोंड उघडं होतं. रुनलिएन बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने दुपटं ओट्यावर आणून टाकलं आणि बाहेर जाऊन पोटभर रडली.

"शिवू दे की तिला," च्युश्यांग वहिनी म्हणाली. सूर्यफुलाच्या बिया सोलत ती अंगणात येऊन बसली होती. "शिवत बसली म्हणजे चुलीला तरी हात लावत नाही."

"ते कशाचं दुपटं आहे माहितीये ना तुम्हाला?"

"माहीत नसायला काय झालं? माझाही तुकडा आहे त्यात. लग्नातल्या जाकिटाचा. नवऱ्याने बोंब मारली होती तेव्हा." तिने टरफल थुंकलं. "टेकडी चढायला निघाली तेव्हा मी अडवलं होतं तिला. म्हटलं, अगं बाई, सुनेला अडकवशील. तर म्हणते कशी, मूल जगलं तर सून शिव्या देईल, देऊ दे. शिव्यांनी काय मरत नाही मी."

"आणि नाही जगलं तर?"

"ते मी विचारलं नाही," च्युश्यांग वहिनी म्हणाली. "तेवढं डोकं मला कुठलं."

म्हातारी रोज शिवू लागली. डोळ्यांना जवळचं दिसत नव्हतं, पण बोटांना वाट माहीत होती. सुईत दोरा मात्र ओवता येईना. ती सुई पुढे करायची आणि रुनलिएन दात आवळून दोरा ओवून द्यायची. कधी म्हातारी एकाच जागी टाक्यांवर टाके घालत बसायची. मग रुनलिएनच्या हातांना राहवत नसे. ते टाके उसवून ती तुकडा नीट बसवून द्यायची. कारखान्याने आणखी काही शिकवलं नसेल, पण वाकडी शिवण डोळ्यांसमोर राहू द्यायची नाही हे शिकवलं होतं. असं करता करता मोकळी कड भरत आली. बांधून ठेवलेले तुकडे संपले, आणि म्हातारी पुन्हा मागायला बाहेर पडली.

बंद दारांपुढे उभी राहून ती बोलायची. कुलूप हाताने चाचपायची. "शेतावर गेलेत वाटतं," असं म्हणून पुढच्या दारी जायची. त्या दारातलं माणूस मरून मोठ्ठा काळ लोटलेला असायचा. रुनलिएन मागून जाऊन तिला दंडाला धरून आणायची. एकदा वाऱ्यात तिचा मफलर उडाला, तर त्याच्यामागे दोघी उतारावरून धावल्या. च्युश्यांग वहिनी वरून ओरडली, "म्हातारे, सून थकली बघ तुझी, तू काय थकत नाहीस!" त्यावर म्हातारीने वळून तिलाच दरडावलं, "हळू! सुनेचं नाव काढू नकोस चारचौघांत."

थंडी कडक झाली त्या आठवड्यातली ती दुपार. म्हातारीला असंच शोधून आणताना रुनलिएन चार पावलं पुढे झाली, चूल विझली की काय बघायला घरात शिरली. मागून दारावर टकटक झाली. म्हातारी स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर उभी होती. हे दारही तिला मागायचं दार वाटत होतं.

"वहिनी, बरी आहेस ना? टेकडीपलीकडून आले. एक चिंधी मागायला."

रुनलिएनला तेव्हा सुचलं. सून म्हणून विचारलं तर म्हातारी टोलवते. परक्या बाईला कदाचित सांगेल. तिने आयुष्यात पहिल्यांदा सासूला अगं-तुगं केलं.

"कुणासाठी ग मागतेस?"

"नातवासाठी. नाहीतर नातीसाठी, मला काय दोन्ही सारखं. जगलं म्हणजे झालं."

"सुनेला माहीत आहे तू हिंडतेस ते?"

म्हातारीने मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. "नाही. तिने हात धरून नको म्हटलंय मला. मी बरं म्हटलं. ती झोपली की येते."

"मग शब्द दिलास आणि मोडलास."

"मोडला," म्हातारी म्हणाली. "चार गेली माझी, वहिनी. तिचं एकही गेलेलं नाही अजून. तिला काय माहीत, गेल्यावर काय होतं ते."

रुनलिएनने तरीही सोडलं नाही. "आणि तुझ्या या मागण्यामुळेच त्यांना कळलं, ट्रॅक्टर घेऊन आले, तर?"

म्हातारीच्या कपाळावर आठ्या चढल्या. "असं अभद्र बोलू नये. चिंधी देतेस की नाही? नसेल द्यायची तर सांग, मी पुढच्या दारी जाते."

तिने हात पुढे केला. थंडीने भेगाळलेला, सुईने टोचलेला हात. रुनलिएनच्या अंगावर जुनं निळं जाकीट होतं, त्याची कड फाटलेलीच होती. एक तुकडा ओढून काढायला वेळ लागला नसता. म्हातारी समाधानाने आत आली असती आणि गरम ओट्यावर बसली असती. रुनलिएनने कडेला हातही घातला, आणि तिच्याने ते होईना. आईची चिंधी त्यात चालत नाही, एवढं आईपण तरी तिचं होतं. त्या बाळाला तिने नाव दिलं नव्हतं, दूध पाजलं नव्हतं, त्याला पाहिलंही नव्हतं.

"माझी चालणार नाही," ती म्हणाली.

"का? तू दौ नाहीस ना?"

"माझी चालणार नाही, आई. मी त्याची आई आहे."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांत ओळख आली, आणि तिच्या मागोमाग अशी भीती आली की रुनलिएन एक पाऊल मागे सरकली.

"तू बाहेर काय करतेस?" म्हातारी कुजबुजली. "अगं, बाहेर कशाला आलीस? कुणी पाहिलं म्हणजे? चल आत, चल!"

नुसती हाडं उरलेल्या त्या काटकुळ्या बाईत कुठून बळ आलं कोण जाणे. तिने सुनेला ढकलत ढकलत ओट्यासमोरून कोठारात नेलं आणि मागच्या खोलीत लोटलं. पोती आता नव्हती, तरी ती वाकून वाकून काहीतरी रचत राहिली, हवेतच. "आवाज करू नकोस. खोकला आला तर तोंडात बाही धर. मी आहे दारात."

ती पावलं घासत गेली. रुनलिएन त्या अंधारात उभी राहिली. बाहेर पडायला तिला कुणी अडवलं नव्हतं, दारही नव्हतं तिथे. तरी ती हलली नाही. मातीचा तोच वास होता, गार आणि कुबट.

उंबऱ्यावरून म्हातारीचा आवाज आला. आधी दांडगाईचा, जुना. "कोण पाहिजे? सून नाही घरी. माहेरी गेली." थोडा वेळ काही नाही. मग, "तिकडे काय बघता? तिकडे धान्य आहे." पुन्हा काही नाही. अंगणात वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. आणि मग तो आवाज एकदम फाटला.

"तिला हात लावू नका! तिचा काही दोष नाही हो. तिने मला नको म्हटलं होतं. मीच हिंडले दारोदार. माझ्यामुळे झालंय हे, साहेब, सगळं माझ्यामुळे झालंय. मला घाला त्या गाडीत. मला न्या. तिला सोडा, पोटुशी आहे ती, मला न्या..."

किती तरी वर्षं रुनलिएनने या वाक्याची वाट पाहिली होती. ते आलं म्हणजे छातीवरचा धोंडा उतरेल असं तिने धरून ठेवलं होतं. ते आलं, आणि काही उतरलं नाही. तिच्या लक्षात एवढंच आलं की त्या दिवशी दारात हे बोलायला कुणी नव्हतं, आणि म्हातारी तेव्हापासून त्या दाराकडे धावतेच आहे, अजून पोचलेली नाही. आपले दोन्ही हात पोटावर आहेत हेही तिला मग कळलं. ते तिने केव्हा ठेवले, आठवेना.

ती बाहेर आली. म्हातारी उंबऱ्यात बसली होती, हातात चुलीचा चिमटा, नाकाडोळ्यांतून पाणी. ओठ निळे पडले होते.

"गेले का ते?"

"गेले, आई."

"नक्की? ट्रॅक्टर?"

"टेकडीपलीकडे गेला. मी बघितला."

म्हातारीने चिमटा खाली ठेवला. मग बसल्या जागेवरूनच हात वर करून तिने सुनेच्या जाकिटाखाली घातला. बर्फासारखा गार हात, पन्नाशी ओलांडलेल्या, सैल पडलेल्या पोटावर. कान देऊन ऐकावं तशी तिने मान कलती केली.

"घाबरलं असेल ग," ती म्हणाली. "हलतंय ना?"

रुनलिएनने तो हात वरून दाबून धरला.

"हलतंय, आई," ती म्हणाली. "उठा आता, आत चला."